रिकाम्या हाताची अवजारे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आमच्या करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही शाळेच्या पटांगणात पांढऱ्या कपड्यांतली मुले रांगेने उभी दिसतात. कराटेचे शिबिर असते. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून प्रात्यक्षिके होतात. कोणी एका फटक्यात पाच-सहा कौले फोडतो, कोणाच्या पोटावरून मोटारसायकल नेतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी मुले भिंतीवर बुक्क्या मारू लागतात. ‘हात कडक करतोय’ म्हणतात. आई ओरडते, वडील कौतुकाने बघतात आणि आठवड्याभरात पोराच्या मुठीवर सूज येते.

हात कडक करणे ही गोष्ट खरी आहे का? खरी असेल तर ती कशी करतात? त्यासाठी पुण्या-मुंबईहून महागडी यंत्रे आणावी लागतात का? आणि कोणी या वाटेला जाऊ नये? मंडळी, आज या चार प्रश्नांविषयी बोलायचे आहे. मी कवितेच्या वाटेचा माणूस. पण लहानपणी तालमीची माती अंगाला लागली होती, आणि पुढे भाचीने कराटे धरले तेव्हा तिच्या सरांनी सांगितलेल्या वस्तू आमच्या परसात सुताराला बसवून करून घेतल्या. त्या करताना जे कळत गेले, ते सांगतो.

बेटावरच्या वस्तू

जपानच्या मुख्य भूमीपासून दक्षिणेला, तैवानच्या दिशेने बेटांची एक माळ गेली आहे. त्यातले मोठे बेट ओकिनावा. पूर्वी तिथे रिऊक्यू नावाचे राज्य होते आणि चीनशी त्याचा जुना व्यापार होता. १६०९ साली जपानच्या सात्सुमा घराण्याने ते जिंकले आणि १८७९ साली जपानने ते राज्यच बरखास्त करून आपला प्रांत केला. या बेटावरची मूळची झुंजण्याची विद्या आणि चीनहून आलेले डाव यांच्या मिश्रणातून कराटे तयार झाले. आधी हे नाव ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. पुढे उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले आणि अर्थ झाला ‘रिकामा हात’. १९३६ साली नाहा शहरात जमलेल्या गुरूंनी या बदलाला मान्यता दिली. त्याआधी १९०१ च्या सुमारास इतोसू आंको यांनी ही विद्या ओकिनावाच्या शाळेत आणली होती, आणि १९२२ साली फुनाकोशी गिचिन यांनी ती तोक्योला नेली होती.

गंमत अशी, की रिकाम्या हाताच्या या विद्येला अवजारे मात्र पुष्कळ लागतात. ओकिनावात त्यांच्याबरोबरच्या मेहनतीला ‘होजो उंदो’ म्हणतात, म्हणजे पूरक व्यायाम. डाव एकीकडे आणि डावासाठी शरीर तयार करणे दुसरीकडे, अशी ती वाटणी आहे. ही अवजारे पाहिली तर एकही कारखान्यातून आलेले नाही. जमिनीत पुरलेली लवचीक फळी आणि तिच्या डोक्याला गुंडाळलेला भाताच्या काडाचा दोर, ही ‘माकिवारा’. दगडात ठोकलेला लाकडी दांडा, ही ‘ची-इशी’, म्हणजे ताकदीचा दगड. नुसत्या बोटांनी काठ धरून उचलायच्या मातीच्या बरण्या, त्या ‘निगिरी-गामे’. कुलपाच्या आकाराचा मूठवाला दगड, तो ‘इशी-साशी’. लोखंडी खडावा, बांबूच्या कामट्यांची मोळी, वाळूची पेटी. रुळांवरच्या छोट्या ढकलगाडीचा आस चाकांसकट उचलून आणायचा, की झाला वजनाचा दांडा. गोजू-र्‍यू शाखेचे संस्थापक मियागी चोजुन १९३४ साली हवाई बेटांवर गेले, तिथे त्यांनी पहिलवानांकडे लांबट लोखंडी कडे पाहिले आणि परत येऊन तेही आपल्या मेहनतीत घेतले. ओकिनावाही उसाचा मुलूख आहे. आपल्या उजनीच्या काठावर उसाच्या फडाशेजारी जशी मोडकी गाडी, तुटका आस, गंजका पाटा पडलेला असतो, तसल्याच पडीक वस्तूंतून ही व्यायामशाळा उभी राहिली.

आपली तालीम आणि त्यांची

हे वाचून तालमीत गेलेल्या माणसाला ओळखीचे वाटले असेल. मुगदल म्हणजे दांड्याला जड डोके. करेलाही तसाच. नाल म्हणजे मधे मूठ कोरलेला दगड, तो एका हाताने उचलायचा. ओकिनावाचा कुलूपदगड आणि आपला नाल शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ दिसतील. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी म्हणत नाही. हाताशी दगड आणि लाकूड असलेला माणूस ताकदीच्या मागे लागला, की कुठेही जवळपास सारखेच काही करतो.

शब्दांकडे पाहिले तरी मौज वाटते. ‘तालीम’ अरबी, अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसी उस्ताद. ‘पहिलवान’ आणि ‘कुस्ती’ फारसी. ‘मुगदल’ मात्र संस्कृत मुद्गर. आमच्या घरातल्या दखनीत ‘कसरत से’ म्हटले, की अर्थ होतो पुष्कळ, वारंवार. मराठीतली व्यायामाची कसरत त्याच अरबी शब्दातून आली आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा करणे हाच व्यायामाचा अर्थ शब्दातच बसलेला आहे. आणि लेझीम? आज आपण ती ढोल-ताशाबरोबर नाचवतो. पण मूळची फारसी लेझीम म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य. तिरंदाजाने खांदे-दंड तयार करण्यासाठी ते ओढायचे. थोडक्यात, लेझीम हेच एक पूरक व्यायामाचे घरगुती अवजार होते. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे खंड काढले. त्या कामाकडे पाहिले म्हणजे आपल्या मुलखात असल्या साधनांची किती मोठी पेठ होती ते कळते.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, तो खांब वाकत नाही, माणूस वाकतो. कराटेचा खांब वाकतो आणि माणसाने ताठ राहायचे असते. या एका फरकात पुढची सगळी गोष्ट आहे.

वाकणारा खांब

माकिवारा पाहिली, की पाहणाऱ्याला वाटते ही हाडे ठोकून ठोकून बधिर करण्याची जागा. तसे नाही. माकिवारा ही मुळात मोठी लाकडी स्प्रिंग आहे.

समजा, तुम्ही भिंतीवर ठोसा मारला. भिंत हलत नाही. मुठीचा सगळा वेग कातडी आणि मांस दबेल तेवढ्या, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत थांबतो. तोच ठोसा पाच सेंटिमीटर मागे जाणाऱ्या फळीवर मारला, तर तोच वेग दहापट अंतरात थांबतो आणि हाडांवर येणारा सरासरी जोर दहावा हिस्सा होतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घेतात, त्यातला हिशेब हाच. त्यामुळे भिंत, विजेचा खांब, झाडाचे जिवंत खोड या तिन्ही जागा ठोसा मारायला बाद.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फळी जितकी मागे जाते तितक्या जोराने परत ढकलते. ठोसा मारून मूठ तिथेच क्षणभर ठेवली, की मनगट वाकले आहे का, कोपर बाहेर फाकले आहे का, खांदा कानाकडे चढला आहे का, मागची टाच उचलली आहे का, हे सगळे ती फळी तत्काळ सांगते. हवेत ठोसे मारून हे कळत नाही. इतोसू आंको यांनी १९०८ साली कराटेविषयी एक पत्र लिहिले. त्यातही माकिवारेविषयी सांगताना त्यांचा भर खांदे खाली, छाती मोकळी, पाय जमिनीला घट्ट आणि जोर ओटीपोटात यांवर आहे. शंभर-दोनशे ठोशांचा आकडा त्यानंतर येतो. कातडी जाड होणे हा उपपरिणाम आहे.

आता ती करायची कशी ते पाहू. सात फूट लांब, चार इंच रुंद अशी सरळ धाग्याची, गाठ नसलेली फळी वखारीत निवडून घ्यावी. बुडाशी जाडी तीन इंच ठेवावी आणि मागच्या बाजूने रंधा मारत शेंड्याला पाऊण इंचावर आणावी. ठोसा मारायची पुढची बाजू सपाट राहील. ही उतरती जाडी शोभेसाठी नाही. शेंड्याला जोर लावला, की सगळ्यात जास्त ताण जमिनीलगत येतो, म्हणून तिथे लाकूड जास्त हवे, आणि वर पातळ केल्याने फळी सगळ्या लांबीत सारखी वाकते. एकसारख्या जाडीची फळी एक तर वाकत नाही, नाही तर जमिनीलगत मोडते.

लाकूड कोणते? आपल्याकडे नांगर, वखर आणि गाडीची चाके पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची होत आली आहेत. ती चिवट आहे, पण सात फूट सरळ बाभूळ मिळणे म्हणजे नशीब लागते. जुन्या वाड्याच्या मोडतोडीतले सागवानी वासे मिळाले तर फार उत्तम. ते वर्षानुवर्षे वाळलेले असतात, त्यामुळे पीळ खात नाहीत. फक्त जुने खिळे बारकाईने शोधून काढावेत. ताज्या लिंबाची फळी वापरू नये, ती पहिल्या उन्हाळ्यात तडकते.

पुरण्याची गोष्ट आपल्या भागात नीट समजून घेण्यासारखी आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात नुसता खांब पुरला तर मे महिन्यात तो दातासारखा हलतो. म्हणून तीन फूट खोल खड्डा घ्यावा आणि भरताना काळी माती पुन्हा आत टाकू नये, मुरूम आणि खडी टाकावी. अडीच फूट फळी जमिनीत जाईल. त्या भागाला डांबर किंवा इंजिनाचे जळके तेल फासावे, म्हणजे वाळवी लागत नाही. मग दोन सपाट दगड बसवायचे. ठोसा वरच्या टोकाला बसला, की फळी जमिनीच्या पृष्ठभागाशी मागे रेलते आणि तिचे बूड पुढे येऊ पाहते. तेव्हा एक दगड वर, फळीच्या मागे, आणि दुसरा खाली बुडाशी, फळीच्या पुढे. हे दोन दगड उलटे बसले तर कितीही मुरूम ठोकला तरी खांब ढिला होणार. सहा-सहा इंचांचा थर टाकून, पाणी शिंपडून, धुम्मस करत वर यावे.

जमिनीवर साडेचार फूट फळी राहील. मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला तिचा वरचा भाग येतो. एका हाताच्या तळव्याने सहज ढकलले असता शेंडा दोन-तीन बोटे मागे गेला पाहिजे. तेवढा जात नसेल तर फळी पुन्हा सोलून पातळ करा. नवशिक्याची फळी मऊच असावी.

आता गुंडाळायचे काय? ओकिनावात भाताचे काड. आपला मुलूख शाळू ज्वारीचा. कडबा इथे उपयोगाचा नाही, तो मोडतो आणि त्याच्या धारेने कातडी कापते. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, त्यावर गोणपाटाची चौपदरी घडी आणि त्यावर घट्ट सुंभ, असे आवरण चांगले होते. नुसता सुंभ मुठीची सालटी काढतो. नवीन असताना त्यावर जुने धोतर किंवा ओढणी गुंडाळावी.

दांड्याचा दगड

ची-इशी करणे सगळ्यात सोपे आणि बहुधा सगळ्यात उपयोगाचे. दीड फुटाचा, सव्वा इंच जाडीचा कठीण लाकडाचा दांडा घ्यावा. त्याच्या एका टोकाला आडवे-उभे तीन मोठे खिळे आरपार ठोकावेत. मग एक लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा वरून कापून घ्यावा, त्यात दांडा बरोबर मधोमध उभा धरून काँक्रीट भरावे. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, तीन-चार भाग बारीक खडी. काँक्रीटचे वजन लिटरमागे साधारण दोन किलो चारशे ग्रॅम भरते. म्हणजे एक लिटरच्या डब्याचे अवजार दांड्यासह अडीच किलोच्या पुढे, आणि दोन लिटरचे पाच किलोच्या आसपास. सात दिवस ओले गोणपाट टाकून पाणी मारावे. काँक्रीटची पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. तोवर हात लावू नये.

खिळे का, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते. काँक्रीट तेवढे आकसत नाही. खिळे नसतील तर दांडा एके दिवशी हातात राहतो आणि गोळा डोक्यावर येतो. म्हणून रोज सुरू करण्याआधी दांडा पिळून पाहावा. किंचितही फिरला तर ते अवजार निवृत्त करावे.

अडीच किलो म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. घागर उचलणाऱ्या बायाबापड्या रोज पंधरा किलो उचलतात. पण घागर कंबरेवर असते. ची-इशीत वजन मुठीपासून फूटभर लांब असते, आणि मनगटाला वजनाबरोबर ते अंतरही पेलावे लागते. दांडा मध्यावर धरला तर भार निम्मा, टोकाला धरला तर दुप्पट. त्यामुळे एकच अवजार लहान-मोठ्या सगळ्यांना चालते. नवशिक्याने डोक्याजवळ धरावे आणि महिन्याला दोन बोटे मागे सरकावे. उभे धरून सावकाश आडवे करायचे, सावकाश उभे करायचे. झटका मारायचा नाही. मुगदल खांद्याभोवती वेगाने फिरतो आणि खांदा-पाठ तयार करतो. ची-इशी हळू चालते आणि मनगट, कोपर व पंजा तयार करते. ठोशात मनगट मुडपते ते याच भागाच्या कमजोरीने, त्यामुळे खरे तर माकिवारेच्या आधी सहा महिने ची-इशी करावी.

बरणी आणि पोते

बरणीचा व्यायाम चिमटीच्या ताकदीसाठी. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला काठ असतो, पण ती निसटते, फुटते आणि पायावर पडली तर बोट जाते. त्याऐवजी काठ असलेले दोन सारखे प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे डबे घ्यावेत. तोंडाचा व्यास चार इंचांच्या आसपास, म्हणजे पाची बोटे काठाखाली वळतील इतका असावा. आधी रिकामे उचलायचे. मग महिन्याला एक वाटी वाळू. कोरडी वाळू लिटरमागे दीड किलोच्या आसपास भरते, तेव्हा तीन लिटरचा भरलेला डबा साडेचार किलोंचा होतो आणि तेवढा नुसत्या बोटांनी धरून अंगण ओलांडणे चांगल्या तयारीच्या माणसालाही घाम काढते.

पोत्याबद्दल एकच सूचना. लिंबाच्या फांदीला पोते टांगून त्यात वाळू भरतात, ते चुकीचे आहे. वाळू खाली बसत जाते आणि चार दिवसांत पोत्याचे बूड दगड होते. जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा दाबून भरावा. लाथांचा सराव या पोत्यावर करावा, खांबावर नाही. लोखंडी खडावा आणि कडे यांच्या मागे नवशिक्याने लागू नये. गुडघ्याची आणि कंबरेची दुखणी तिथून सुरू होतात.

हाताच्या आत काय होते

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. हाड कडक होते का? होते, पण हळू. यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडले, की हाड त्याच्यावर येणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलते. भार वाढला तर ते भक्कम होते, भार गेला तर विरळ होते. पण भार आणि विश्रांती असा फेरा चालला तरच. हाडाची डागडुजी आठवड्या-महिन्यांच्या गतीने होते. रोज ठोकत राहिलो तर भक्कम होण्याऐवजी बारीक चिरा पडतात. म्हणून दिवसाआड, प्रत्येक हाताला दहा ठोसे, असे पहिले दोन महिने पुरेत. इतोसूंचा शंभरचा आकडा वर्षे घातलेल्या प्रौढ माणसासाठी आहे.

१९८५ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बावीस कराटे शिक्षकांच्या हातांची तपासणी प्रसिद्ध झाली. या सरावामुळे त्यांच्या सांध्यांत अकाली झीज झाल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण ते सगळे शिकलेले, नीट मूठ वळणारे शिक्षक होते. हा दिलासा भिंतीवर बुक्क्या मारणाऱ्या पोरांना लागू होत नाही.

मूठ आवळल्यावर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी ज्या गाठी वर येतात, त्या दोनच टेकल्या पाहिजेत. त्यांच्यामागची हाडे मनगटाशी घट्ट बसलेली आहेत. करंगळीमागचे हाड सैल आणि बारीक असते. रागाच्या भरात मारलेल्या बुक्कीत मोडते ते बहुतेक वेळा हेच. त्या गाठीवर सूज आली, किंवा मूठ आवळताना करंगळी तिरकी जाऊ लागली, तर तेल-हळद चोळत बसू नये. चोळल्याने हाड आणखी सरकते. एक्स-रे काढावा.

आणि मुलांविषयी. वाढत्या वयात हाडांच्या टोकांना कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड तिथूनच वाढते. मुलींमध्ये तो पंधरा-सोळाच्या सुमारास, मुलांमध्ये त्याहून एक-दोन वर्षे उशिरा भरून हाड पक्के होते. त्याआधी त्या पट्ट्याला इजा झाली तर बोट आखूड किंवा वाकडे राहू शकते. म्हणून शाळकरी मुलांना माकिवारा नको. त्यांना हलकी ची-इशी, रिकामे डबे, चिंध्यांचे पोते आणि आपले जोर-बैठका पुष्कळ झाले. एका शिबिरात बारा वर्षांच्या पोराला सिमेंटच्या भिंतीवर मोजून पन्नास ठोसे मारायला लावलेले मी पाहिले आहे. पालकांनी असे दिसले तर मुलाला हाताला धरून घरी आणावे. त्यात सरांचा अपमान होत नाही.

आणखी एक दक्षता. एकाच फळीवर चार-पाच जण सराव करत असतील आणि सालटे निघून रक्त लागले, तर ते आवरण लगेच काढून टाकावे. कावीळ ब सारखे आजार रक्तातून पसरतात. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. आणि मुठीची कातडी फाटली असेल तर ती भरेपर्यंत सुट्टी.

कौले का फुटतात

मग ती कौले? कौल ठिसूळ असते. दोन टोकांना टेकू दिला आणि मधे पोकळी ठेवली, की खालची बाजू ताणली जाते आणि ठिसूळ वस्तू ताण सोसत नाही. एकावर एक कौले रचताना मधे काड्या ठेवतात, तेव्हा वरचे कौल फुटून खालच्यावर आदळते आणि कामाचा बराच भाग कौलेच करतात. यात धीट मन आणि अचूक फटका लागतो, ते नाकारत नाही. पण ती करमणूक आहे. तिच्यासाठी हाडे पणाला लावण्याची गरज नाही, आणि तिच्यावरून कोणत्याही शिक्षकाची पारख करू नये.

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या मुलींनाही स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या मुलींना मी आवर्जून सांगतो, की संकटातून सुटण्यासाठी दगडी मूठ लागत नाही. मोठ्याने ओरडणे, हात सोडवून घेणे, तळव्याच्या टाचेने नाकावर तडाखा देणे आणि पळणे, यांना पाय, दम आणि सराव लागतो. बारीक मनगटाच्या मुलीने मुठीपेक्षा तळवा वापरलेला केव्हाही बरा.

आणि पदकाचे म्हणाल, तर कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच होते, २०२१ मध्ये झालेल्या तोक्योच्या स्पर्धांत. २०२४ च्या पॅरिसमध्ये ते नव्हते. स्पर्धेतल्या कराटेत फटका आवरून धरायचा असतो, तिथे कडक हाताला वेगळे गुण नाहीत. ज्या मैदानात उतरायचे, त्या मैदानाचा सराव वेगळा करावाच लागतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची तालीम तांबड्या मातीतली. १९४८ साली लंडनला त्यांना मॅटवर खेळावे लागले आणि ते सहावे आले. चार वर्षे त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेतले. मातीने ताकद दिली, पण मॅट शिकावी लागली.

मग ही अवजारे करायचीच कशाला, असे कोणी विचारेल. माझे उत्तर साधे आहे. महिन्याला जिमची फी भरणे ज्यांना परवडत नाही, अशी मुले गावोगाव आहेत. एक जुना वासा, एक तेलाचा डबा, घमेलेभर काँक्रीट, दोन डबे आणि पोतेभर चिंध्या एवढ्यात चार जणांची तालीम उभी राहते. शिवाय ती स्वतः केलेली असते. फळी कुठे जाड ठेवायची आणि का, दगड कुठल्या बाजूला, हे ज्या पोराने स्वतः खड्डा खणून शिकले, त्याला ठोशाचे शास्त्र निम्मे तिथेच कळलेले असते.

यंदा करायचे मनात असेल तर खड्डा पावसाळ्याआधी घ्यावा, म्हणजे पहिल्या पावसात मुरूम बसतो. दिवाळीपर्यंत फळीला हात न लावता ची-इशी करावी. आणि दर उन्हाळ्यात, जमीन भेगाळली की, खांबाच्या बुडाशी दोन घमेली मुरूम टाकून तो पुन्हा ठोकून घ्यावा.